नऊ व्होल्टचे पाप

एरवी या सदरात मी शब्दांच्या व्युत्पत्ती सांगतो, ऱ्हस्वदीर्घांची भांडणे सोडवतो आणि वाचकांच्या पत्रांतला राग मुकाट्याने पदरात घेतो. दिवाळी अंकापुरती संपादकांनी मोकळीक दिली, म्हणून यंदा एका यंत्राच्या दुरुस्तीची हकिगत सांगतो. मराठीच्या प्राध्यापकाने विजेविषयी लिहावे हा आगाऊपणाच. परंतु त्या यंत्राच्या बिघाडात माझा हात होता, आणि ही गोष्ट मी तीस वर्षे कोणाजवळ बोललो नव्हतो.

दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्यावरच्या वस्तूंचा पुनर्जन्म. यंदा आमच्या कन्येने माळ्यावरून एक खोके ओढून काढले. आत व्हिडिओ गेमची पेटी, दोन जॉयस्टिक आणि एक पिवळी कॅसेट. "बाबा, हा तुमचा?" तिने विचारले. मी मान हलवली आणि चष्मा पुसू लागलो.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा खेळ बाजारात आणला. पुढे त्याच्या नकला निघाल्या आणि नव्वदच्या दशकात त्या आपल्या मध्यमवर्गीय घरांतून टीव्हीशेजारी विराजमान झाल्या. आमची पेटी त्यांतलीच. १९९५ च्या जूनमध्ये मी दहावीत गेलो आणि अण्णांनी तिचा अडॅप्टर काढून नेला. पेटी शोकेसमध्ये तशीच. कुडी ठेवून प्राण तेवढा न्यायचा, ही अण्णांची पद्धत. "मार्चनंतर मिळेल," एवढेच ते म्हणाले.

मी चार महिने कळ काढली. दिवाळीच्या सुट्टीत एके दुपारी आई शेजारी चकल्या तळायला गेली, अण्णा कचेरीत. मी एका मित्राचा 'युनिव्हर्सल' अडॅप्टर आणला. त्यावर सरकवायच्या दोन कळा होत्या. एकीवर व्होल्टचे आकडे. ती मी नऊवर आणली आणि स्वतःवर खूश झालो. दुसरीवर अधिक-उणे अशी बारीक खूण होती, तिच्याकडे मी पाहिलेदेखील नाही. बटण दाबले. लाल दिवा लागला नाही. पिन सैल असेल म्हणून दाबून बसवली आणि वाट पाहिली. दिव्याऐवजी करपल्याचा वास आला.

परीक्षा संपल्यावर अण्णांनी समारंभपूर्वक अडॅप्टर बाहेर काढला. पेटी अर्थातच मुकी. ते तिला कचेरीतून येताना एका दुकानात दाखवून आले. "बोर्ड गेलं" असे उत्तर मिळाले. त्या संध्याकाळी अण्णा बूट न काढताच खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझंच चुकलं रे. दहा महिने बंद ठेवलं, म्हणून बिघडलं." त्यांनी मारले असते तर मी सोसले असते. आमच्या घरात वडील मुलाजवळ असे बोलत नसत. मी खाली मान घालून उभा राहिलो, आणि त्यांना वाटले, मुलगा खेळासाठी हिरमुसला! भरपाई म्हणून त्यांनी मला पुस्तकांसाठी पैसे दिले. माझ्या साहित्यप्रेमाचा उगम असा आहे. मुलाखतीत विचारतात तेव्हा मी दुसरे काही सांगतो.

आता अण्णा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळचे दुपारी आठवत नाही. पण खोके पाहताच ते उठले आणि आपल्या ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला, दोऱ्याने बांधलेला अडॅप्टर घेऊन आले. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी : 'व्हि. गेम, ९ व्होल्ट'.

आम्ही तिघे रिक्षाने तपकीर गल्लीत गेलो. वाटेत अण्णा नातीला सांगत होते, "तुझ्या बाबाचा खेळ मी बिघडवला हो." मी रस्त्याकडे पाहत होतो.

दुरुस्तीवाले गृहस्थ साठीचे, मितभाषी. त्यांनी आधी अडॅप्टरला मीटर लावला. आकडा तेरा! कन्या म्हणाली, "नऊ लिहिलंय, मग हा खराब असणार." ते हसले. "हा जुना ट्रान्सफॉर्मरचा आहे, ताई. मोकळा असला की जास्त दाखवतो, काम पडलं की खाली येतो." (माझ्या काही विद्यार्थ्यांचेही असेच आहे.) "मात्र हा घरी उघडून बघायचा नाही. पेटीत नऊ व्होल्ट, पण ह्याच्यात दोनशे तीस."

मग पेटी उघडली. पिन बसते त्या जागेचे टाके पाहिले, बटणात फवारा मारला. दिवा लागेना. तेव्हा त्यांनी मला तीन पायांचा एक काळा तुकडा दाखवला. त्याचे नाव ७८०५. शेवटचे ०५ म्हणजे पाच व्होल्ट. आतल्या चिप्सना पाचच व्होल्ट चालतात. एका पायातून नऊ घ्यायचे, मधला पाय जमिनीचा, तिसऱ्यातून पाच द्यायचे, आणि उरलेल्याची उष्णता करून टाकायची, म्हणून पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा. आत येणारा दाब सातच्या खाली गेला तर मात्र ह्याला पाच धरून ठेवता येत नाहीत; अडॅप्टर थकलेला असला की चित्र थरथरते ते त्यामुळे. आमच्या ७८०५ च्या आत येणारी वीज ठीक होती, बाहेर शून्य. शेजारच्या कपॅसिटरचे डोके फुटलेले.

"नुसतं पडून राहिल्यानं असं होतं का हो?" अण्णांनी विचारले.

"पडून राहिल्यानं कपॅसिटर सुकतो, काका. हे दोन्ही एकदम गेलंय. कुणीतरी उलटा अडॅप्टर लावलाय." त्यांनी अडॅप्टरवरची खूण दाखवली : मध्ये ठिपका, भोवती अर्धवट वर्तुळ. "हल्लीच्या बहुतेकांत आत अधिक असतो. ह्या पेटीला आत उणे लागतो."

जपानच्या मूळ यंत्रालाही आत उणेच लागतो. गंमत अशी की, त्याच कंपनीने १९८५ साली अमेरिकेत आणलेल्या यंत्रात ब्रिज रेक्टिफायर आतच बसवलेला होता. वीज कोणत्याही बाजूने येवो, तो तिला सरळ करून घेतो. मला लगेच विभक्ती आठवली. 'रामाने रावणाला मारले' म्हणा की 'रावणाला रामाने मारले' म्हणा, मरतो रावणच. आमच्या पेटीला विभक्ती नव्हती. जो शब्द आधी आला तो कर्ता झाला आणि राम मेला.

हे सगळे मनात घोळवत मी बोलणे लांबवत होतो, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. शेवटी म्हणालो, "अण्णा, तो मी लावला होता. दहावीच्या दिवाळीत."

ते माझ्याकडे पाहत राहिले. दुरुस्तीवाले खाली मान घालून टाका मारू लागले. ७८०५ आणि कपॅसिटर मिळून चहाच्या पैशांत बसणारा माल! बरे झाले, त्या तुकड्याने स्वतः जळून पुढच्या चिप्स वाचवल्या होत्या. अडॅप्टर लावला आणि लाल दिवा लागला. कन्येने टाळी वाजवली. अण्णा काही बोलले नाहीत, रिक्षातही नाही.

घरी कॅसेटचे दाते स्पिरिटने पुसल्यावर चित्र आले. कन्या आणि मी खेळायला बसलो. अर्ध्या तासाने अण्णा आतून आले, भिंतीवरचे बटण बंद केले, अडॅप्टर काढून हातात घेतला आणि त्याची वायर गुंडाळू लागले.

"हिची यंदा दहावी ना?" ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "तो दुसरा अडॅप्टर कोणाचा होता, त्याचं नाव सांग आधी."