‘त्यांना सवय असते’ म्हणणाऱ्यांना

गळीत हंगाम लागला की बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या आमच्या बारामती-इंदापूरच्या फडांत उतरतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी. कोणत्याच कारखान्याच्या गव्हाणीला ऊस कमी पडून चालत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या थंडीत तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर. हात कापला तर चिंधी बांधायची आणि पुन्हा वाकायचं. बांधावर उभा असलेला बागायतदार म्हणतो, “त्यांना सवय असते, त्यांना दुखत नाही.” आता शिकलेली मंडळी त्याला विज्ञानाचा टेकू देतात: कष्टाने एंडॉर्फिन सुटतं, वेदना जाणवत नाही.

मला या वाक्याची चीड आहे. ज्या विज्ञानाचं नाव घेता, ते आधी पुरतं वाचा.

अफूचं द्रव्य मेंदूत नेमकं कुठे चिकटतं, हे १९७३ मध्ये कळलं. शरीर स्वतःच अफूसारखं काही बनवत असणार, हा तर्क १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला खरा ठरला. ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ या संशोधकांनी डुकराच्या मेंदूतून एनकेफॅलिन वेगळं काढलं, अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी. एनकेफॅलिन असो वा एंडॉर्फिन, ही द्रव्यं सुटी तयार होत नाहीत. आधी लांबलचक प्रथिन बनतं, मग विकरं त्याचे तुकडे पाडतात. एंडॉर्फिनच्या मूळ प्रथिनाचं नाव प्रोओपिओमेलानोकॉर्टिन. याच प्रथिनातून एसीटीएच हे संप्रेरकही निघतं आणि ते मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना कॉर्टिसॉल सोडायला लावतं. म्हणजे पिट्यूटरी ग्रंथीतून ताणाचा हुकूम आणि बीटा-एंडॉर्फिन बरोबरीनेच बाहेर पडतात. ज्याला तुम्ही सवय म्हणता, ती संकटात सापडलेल्या शरीराची धडपड आहे.

शिवाय रक्तात उतरलेलं एंडॉर्फिन मेंदूत फारसं शिरत नाही. ‘घाम गाळा, आनंद मिळवा’ सांगणाऱ्या व्याख्यात्यांनी हे कधी सांगितलंय? आणि याच घराण्यातलं डायनॉर्फिन माणसाला सुख देत नाही, उलट खिन्न करतं. दीर्घ ताणात तेही कामाला लागतं. त्याचं नाव मात्र भाषणांत येत नाही.

वेदना दबली म्हणून जखम भरत नाही. झिजलेला मणका झिजलेलाच राहतो. घंटा बंद केल्याने आग विझत नाही.

बाईचं दुखणं तर मोजलंच जात नाही. पाळीच्या त्रासात थांबलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे आगाऊ घेतलेल्या उचलीवर चढतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं इतक्या मोठ्या संख्येने काढली गेली की २०१९ मध्ये सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. त्या बायकांना दुखत नव्हतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तेव्हा कारखान्यांच्या संचालकांनो, वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर हाही विषय घ्या. प्रत्येक तळावर ठरलेल्या दिवशी डॉक्टर पाठवा. जखमी आणि आजारी मजुराचा खाडा कापणं बंद करा. आणि बागायतदारांनो, आपल्या फडात कुणाचा हात कापला तर त्याला आपल्या गाडीत घालून दवाखान्यात न्या. त्याला दुखतंय.