बिनतारी

भंडाऱ्यातल्या एका सरकारी कचेरीत मी कारकून आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नवा प्रिंटर आला. तारेवाचून चालणारा! घरी पुतण्याने असलाच एक पाच मिनिटांत लावून दिला होता. तेव्हा ‘हा मीच लावतो’, अशी बढाई मी सगळ्यांदेखत मारली.

दुपारपर्यंत घाम गाळला, पण संगणकाला प्रिंटर काही दिसेना. शिपाईभाऊ वाकून बघत म्हणाले, “कागद निंगत नाही का जी?” शेवटी नेटवर्कवाल्या साहेबांना फोन लावला. ते थंडपणे म्हणाले, “दिसणारच नाही. सुरक्षित जाळ्यावर वायफाय चालत नाही. तार लावा.”

कारणही त्यांनी सांगितले. हवेतून जाणारा मजकूर कचेरीच्या भिंतीपाशी थांबत नाही. रस्त्यावरच्या माणसालाही ते जाळे सापडते. शिवाय प्रिंटर हाही एक छोटा संगणकच. त्याच्या वाटेने चोर आत शिरतो. मला पटले, अगदी मनापासून पटले.

पण तार कुठे होती? हवी होती फक्त बारा हात. त्यासाठी मागणीपत्र, मग मंजुरी, मग दरपत्रके! इकडे साहेबांना तीन वाजेपर्यंत धानाच्या नुकसानभरपाईची यादी हवी होती आणि दारात शेतकरी ताटकळत होते. पेन ड्राइव्हलाही मनाई. मग मी काय केले? पडद्याचा मोबाईलवर फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवरून समोरच्या झेरॉक्सवाल्याला धाडला. यादीत नावे, आधार क्रमांक, बँकेची खाती, सगळे होते. पोराने दोन प्रती काढल्या. एक तिरपी आली, ती रद्दीत गेली.

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर भजी मागवली. पुडा उलगडला तर तेलाच्या डागातून एका शेतकऱ्याचा खाते क्रमांक माझ्याकडे बघत होता.

जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सूचना निघाल्या होत्या : सरकारी कागद गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या खासगी जागी ठेवू नका, कॅमस्कॅनरने स्कॅन करू नका. उत्तम! पण भज्यांच्या पुड्याचे काय? हवेची वाट बंद केली आणि दार सताड उघडे राहिले, त्याला आपण सुरक्षितता म्हणायचे?

चूक माझीच, ती मी नाकारत नाही. पण बंदी घालणाऱ्याने सोयही द्यावी की नाही? मला वायफाय नको. बारा हात तार द्या, आणि पिन दाबल्याशिवाय कागद बाहेर न सोडणारा प्रिंटर द्या. असे प्रिंटर बाजारात मिळतात. नाहीतर नियम पाळणारा कारकून काम अडवतो, काम करणारा नियम मोडतो, आणि दोघांच्या मधे शेतकऱ्याचे खाते रस्त्यावर येते. त्या बिचाऱ्याला तर आपली यादी कुठून कुठे फिरली, याचा पत्ताही नसतो.

मागणीपत्र अजून वरच्या टेबलावर आहे. ते मात्र कागदावरच लागते, दोन प्रतींत. त्यामुळे तेही मी समोरूनच छापून आणले.

तोवर मी भजी खातो. पण आधी पुडा वाचतो.