झोळीची दोरी : किती ताणावी, किती सोडावी?



आपल्या घरात बाळ आले की पाळण्याआधी झोळी येते. पाळण्याला पैसे पडतात, जागा लागते. झोळीला आजीचे जुने लुगडे, एक दोरी आणि समोरासमोरचे दोन हुक पुरतात. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, बांधकामावर तर कामावरच्या आईला झोळीचाच आधार. आपल्यातले कितीतरी जण झोळीतच वाढले. पण ती बांधायची कशी, हे कोणी बसून सांगत नाही.

माझ्या बहिणीच्या घरची गोष्ट. भाची चार महिन्यांची, खोली दहा बाय दहाची. झोळी खाली लोंबली की येण्याजाण्याला अडचण, म्हणून मेहुण्यांनी दोरी ओढून तारेसारखी ताठ केली. "आता कशी मजबूत झाली बघा!" म्हणाले. तिसऱ्या दिवशी थोरला शाळेतून आला आणि झोका देता देता झोळीवर रेलला. हुक गिलाव्यासकट बाहेर आला. खाली गोधडी अंथरलेली होती म्हणून बाळ वाचले. मेहुणे सारखे म्हणत होते, "याच हुकाला मी पाण्याची भरली बादली टांगली होती, तेव्हा काही झाले नाही!"

चूक हुकाची नव्हती, ताणाची होती. दोघी मिळून एक भरली बादली उचलता तेव्हा आठवून पाहा. जवळजवळ उभ्या राहिलात तर बादली हलकी वाटते. एकमेकींपासून दूर सरकलात की हात आडवे होतात आणि खांदे भरून येतात. बादली तीच, पाणी तेवढेच. दोरीचेही तसेच आहे. ती जितकी आडवी, तितका हुकावरचा ओढा जास्त.

हिशेब पाहा. बाळ आणि कपडे मिळून १० किलो धरू. दोरी आडव्या पातळीपासून ३० अंश उतरती असेल, तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर १० किलोचा ताण येतो. उतार १० अंशांवर आला की तोच ताण सुमारे २९ किलो होतो. ५ अंशांवर सुमारे ५७ किलो! झोका दिला की त्यात आणखी भर पडते. म्हणजे ताठ दोरी ही मजबूत दोरी नव्हे.

३० अंश मोजायला कंपासपेटी नको, आपली वीत पुरे. झोळीत वजन ठेवा. हुकापासून दोरीवर दोन वीत मोजा. ती जागा हुकाच्या पातळीपासून एक वीत खाली आली पाहिजे. त्याहून कमी खाली असेल तर दोरी सोडा. हुक आठ फूट अंतरावर असतील तर झोळी साधारण दोन फूट खाली लोंबेल. तेवढा हिशेब धरूनच हुक वर ठोका. झोळीचा तळ जमिनीपासून हातभराहून उंच नको आणि खाली गोधडी हवीच.

हुक पक्क्या भिंतीत किंवा तुळईत असावा. पत्र्याच्या शेडचा पातळ खांब, नळाचा पाइप, खिडकीचा गंजका गज यांना झोळी बांधू नये. नायलॉनची दोरी ताणते आणि तिची गाठ सरकते, म्हणून गाठ रोज पाहावी. हुकाशी दोरी घासून झिजली असेल तर ती कपडे वाळत घालायला ठेवा, झोळीला नको. बाळाला ठेवण्याआधी २० लिटरचा पाण्याने भरलेला कॅन झोळीत ठेवून झोका द्या. तो २० किलोचा भार हुकाने आणि गाठीने पेलला, तरच बाळ ठेवा.

आता दुसरी बाजू. दोरी सोडली की हुक वाचतो, पण कापड खोल जाते आणि बाळ त्यात मुडपते. हनुवटी छातीला टेकली की तान्ह्याचा श्वास कोंडतो, आणि असे बाळ रडूनही सांगत नाही. म्हणून दोन्ही दोऱ्यांमध्ये आडव्या काठ्या घालून कापड पसरते ठेवा. बाळाचे तोंड सतत दिसले पाहिजे. झोळी रडते बाळ शांत करण्यापुरती. डोळा लागला की उचलून सपाट, घट्ट अंथरुणावर पाठीवर निजवा. रात्रभर झोळीत ठेवू नका. बाळ कुशीवर वळू लागले की झोळीचे दिवस संपले म्हणून समजा.

आणखी एक. रिकामी झोळी लोंबती ठेवू नका. थोरली मुले तीत बसून गिरक्या घेतात, कापडाला पीळ पडतो आणि तो गळ्याभोवती आवळतो. आपल्या देशात अशाने मुले दगावली आहेत. बाळ उचलले की झोळी सोडून घडी घालावी.

मेहुण्यांनी पुढच्या रविवारी तुळईत नवे हुक बसवले. झोळी आता येण्याजाण्याच्या वाटेत येते, वाकून जावे लागते. बहीण म्हणते, वाकू की! बाळासाठी वाकायला काय झाले?