पर्यावरणाचा कारभार मंडळाच्या मुलांकडे द्या

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव चौपाटीवर कॉलेजची मुलं हातमोजे घालून उतरतात आणि मूर्तींचे अवशेष, निर्माल्य गोळा करतात. त्यांची तळमळ खरी असते. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या दोन वर्षांतल्या २४० तासांत असे कितीही तास धरले, तरी त्यातून कष्टाळू स्वयंसेवक तयार होतात, पुढारी होत नाहीत. कारण काम काय करायचं, पैसा कुठून आणायचा, परवानगी कोणाकडून काढायची, हे सगळं आधीच दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं असतं. खरी कसोटी तिथेच लागते, हे वर्सोव्यात दिसलं. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथली किनारा सफाई सुरू केली, पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला, आणि तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये मोहीम काही काळ थांबवावी लागली. स्वयंसेवकांना शिवीगाळ होत होती आणि गोळा केलेला कचरा उचलला जात नव्हता. कचरा वेचणारे हात भरपूर होते. अडलं ते यंत्रणा हलवण्यापाशी.

यंत्रणा हलवण्याचं शिक्षण गिरगावात पिढ्यान् पिढ्या चालू आहे. केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हापासून इथल्या वाड्यांमधली विशीतली मुलं पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागतात, पोलीस आणि पालिकेच्या परवानग्या काढतात, रुसलेल्या आजोबांची समजूत घालतात आणि शेवटी सर्वांसमोर हिशेब वाचतात. म्हणून माझं म्हणणं असं, की प्रत्येक गणेशोत्सव मंडळाने कार्यकारिणीत खजिनदारासारखंच पर्यावरणाचं एक पद ठेवावं, त्याला स्वतःचा निधी द्यावा आणि वर्षभराचा जाब विचारावा. निर्माल्याच्या खताचंच घ्या. झेंडूची फुलं कुजतात, हारातला नायलॉनचा दोरा तसाच राहतो, आणि सुटा केला नाही तर खतातून तो निघता निघत नाही. त्यासाठी फुलवाल्याशी सुती दोऱ्याचं बोलणं श्रावणातच व्हायला हवं. ते कोणी करायचं, हे ठरलेलं असणं म्हणजेच नेतृत्व.

मंडळंच प्रदूषण करतात, त्यांच्याकडे हे काम कसं द्यायचं, असं कोणी म्हणेल. ध्वनिवर्धकांबद्दल आणि पीओपीबद्दल हा आक्षेप रास्तच आहे. पण सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला, तेव्हा घराघरांत तो पटवायला मंडळातल्या ओळखीच्या मुलाइतकं उपयोगी कोणी नव्हतं. प्रशिक्षणाने फरक पडतो, याचा दाखलाही मुंबईतच आहे. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' उपक्रमातून कचरावेचक बायकांना खत आणि बायोगॅसचं काम शिकवलं, त्यांचे गट बांधले. ज्यांना शहर कचऱ्याइतकंच दूर ठेवत होतं, त्याच बायका सोसायट्यांची कामं चालवू लागल्या.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. चाळींचा पुनर्विकास होतोय, मुलं विरार-डोंबिवलीला राहायला गेली आहेत, गणपतीपुरती येतात. त्यामुळे एकट्या उत्साही मुलावर भिस्त ठेवून चालणार नाही. पद जोडीने द्यावं: एक वर्षभर काम केलेला जुना आणि एक नवा, शक्यतो वाडीतच राहणारा. जुन्याने जाताना पालिकेशी झालेला पत्रव्यवहार, फुलवाल्याचा नंबर आणि खर्चाची वही नव्याच्या हाती सोपवावी, आणि ती सोपवल्याची नोंद मंडळाच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात व्हावी.