तू रेडी आहेस का?

तर मंडळी, हा वीकेंड मामाकडे, धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला. अजेंडा एकच, मामेबहिणीचं लग्न! पोरगी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा, रांजणगावला सर्किट बोर्डांच्या लाइनवर नोकरीला. आणि मामाला दिवाळीनंतरचाच मुहूर्त हवा.

वातावरण तापलं, तसं मी विषय बदलला. ‘‘तू तिथं नेमकं करतेस तरी काय गं?’’

तिनं कुंथलगिरी पेढ्यांचा बॉक्स पुढे ओढला आणि तीन ताटल्या ओळीत मांडल्या. ‘‘हा पेढा म्हणजे बोर्ड. पहिलं मशीन त्यावर सोल्डर पेस्ट लावतं, दुसरं बारीक बारीक पार्ट बसवतं, मग भट्टी. मध्ये कन्व्हेअर. मागचं मशीन सांगतं, बोर्ड अव्हेलेबल. पुढचं सांगतं, मशीन रेडी. दोन्ही सिग्नल आले तरच बोर्ड पुढे सरकतो.’’

या बोलीचं नाव स्मेमा. 14 पिनांचा कनेक्टर आणि वायरवरून नुसतं हो किंवा नाही. मशीन कुठल्याही कंपनीचं असो, एवढं त्याला कळतं. 2017 मध्ये हर्मीस नावाचं नवं स्टँडर्ड आलं. ते नेटवर्क केबलवरून बोर्डाचा आयडी, रुंदी असलं सगळं पुढच्या मशीनला कळवतं. पण रीत तीच, आधी विचारा, मग सरकवा.

‘‘आणि न विचारता सरकवला तर?’’

‘‘बोर्डावर बोर्ड आदळतो. भट्टीआधी पेस्ट ओलीच असते ना, पार्ट जागचे हलतात. मग बसा निस्तरत.’’

मला शुक्रवारी संध्याकाळी सहाला येणारे ‘अर्जंट’ मेल आठवले. तुम्हालाही आठवले असतील! आपल्याकडे अव्हेलेबल सगळेच ओरडतात, रेडी आहेस का, हे कोण विचारतं?

तेवढ्यात ती मामाकडे वळली. ‘‘अण्णा, स्थळ अव्हेलेबल आहे, मान्य. पण मी रेडी आहे का, हे कुणी विचारलं मला?’’

सगळे गप्प. मामानं एक पेढा उचलला, पुन्हा ठेवला.

‘‘किती वेळ थांबतं गं ते मशीन?’’

‘‘पुढच्याचा सिग्नल येईपर्यंत.’’

‘‘आणि तुझा कधी येणार?’’

‘‘दोन वर्षं द्या.’’

मामा हो म्हणाला नाही. पण पंचांग मिटून फळीवर ठेवलं.