आबांचा एका मार्कचा प्रश्न

मागच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टचा पेपर इंग्लंडमधल्या एका कॉन्फरन्ससाठी निवडला गेला. निम्मा खर्च कॉलेजने केला, उरलेल्यासाठी बाबांनी डाळिंबाच्या अडत्याकडून उचल घेतली. कॉन्फरन्स संपल्यावर परतीच्या विमानाला तीन दिवस होते. मग काय, मी आणि माझा पार्टनर, तीन दिवस आणि लंडन!

परत आलो त्या रात्री मोडनिंबला हायवेवर एसटीतून उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. घरी अर्धी गल्ली जमलेली. माझा मोबाईल हातोहात फिरत होता. बिग बेन, टॉवर ब्रिज, राणीचा राजवाडा (आता राजाचा), लाल डबलडेकर बस. आबा, म्हणजे माझे आजोबा, कोपऱ्यातल्या बाजेवर बसून होते. ते रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झाले. त्यांना मोतीबिंदूमुळे फोटो नीट दिसत नाहीत. सगळे पांगल्यावर त्यांनी एकच विचारलं,

"आपल्या बार्शी लाइटची कंपनी तिथलीच की रं. तिचं काय बघितलंस?"

मी म्हणालो, "कुठली कंपनी?"

व्हायवामध्ये एक्स्टर्नल जशी मान हलवतात आणि "नेक्स्ट" म्हणतात, तशी आबांनी मान हलवली आणि ते कुशीवर वळले. मित्रहो, मला आजवर दोन केट्या लागल्या, पण इतकं नापास झाल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं.

आधी मी काय बघितलं ते प्रामाणिकपणे सांगतो. तीन दिवसांत आम्ही सतरा 'पॉइंट' केले. 'केले' हाच शब्द बरोबर आहे, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जशा असाइनमेंट 'करतो' तसेच ते केले. यादी इंटरनेटवरून उतरवलेली, म्हणजे तीही कॉपीच. ब्रिटिश म्युझियम पन्नास मिनिटांत उरकलं. लंडन आयच्या तिकिटाचा रुपयांत हिशेब केला आणि खालूनच फोटो काढला. सगळ्यात जास्त वेळ कुठे दिला असेल? किंग्ज क्रॉस स्टेशनवर. तिथे हॅरी पॉटरच्या गोष्टीतला पावणेदहा नंबरचा प्लॅटफॉर्म केलेला आहे. भिंतीत अर्धी घुसलेली ढकलगाडी, गळ्यात मफलर, आणि फोटोसाठी रांग. त्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो.

आता गंमत ऐका. त्या स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर, सेंट पँक्रास स्टेशनच्या पलीकडे, ब्रिटिश लायब्ररी आहे. इंग्रजांच्या इंडिया ऑफिसचं सगळं दप्तर तिथे ठेवलं आहे. आपल्याकडच्या रेल्वे, कालवे, दुष्काळ, सगळ्यांचा पत्रव्यवहार त्यात आहे. म्हणजे कधीच नसलेल्या रेल्वेच्या प्लॅटफॉर्मसाठी मी पाऊण तास रांग लावली, आणि ज्या रेल्वेच्या पगारावर आमच्या घराच्या दोन पिढ्या जगल्या तिची आठवणसुद्धा मला झाली नाही!

ही बार्शी लाइट म्हणजे काय ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसेल. मलाही नव्हतं. मोडनिंब स्टेशन कुर्डुवाडी ते पंढरपूर लाइनवर आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरच्या डोक्यातून ही रेल्वे निघाली. तिची कंपनी 1895 साली लंडनमध्ये स्थापन झाली. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, पुढे एका बाजूला लातूर आणि दुसऱ्या बाजूला पंढरपूरवरून 1927 मध्ये मिरजेपर्यंत रूळ गेले. 1954 मध्ये सरकारने ती विकत घेतली. आबांचे वडील 'कंपनी'चे नोकर होते, आबा सरकारचे.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं. या रेल्वेचा गेज फक्त अडीच फूट होता. रूळ यार्डाला 30 पौंडांचे, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो. आज ब्रॉडगेजला 60 किलोचा रूळ वापरतात. मग इतक्या हलक्या रुळावर मालगाडी चालवायची कशी? कॅलथ्रॉपने ठरवलं की इंजिन असो वा डबा, कुठल्याही ॲक्सलवर 5 टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. ॲक्सल वाढवायचे आणि भार सगळ्यांवर सारखा वाटायचा. रूळ हलका, भराव कमी, खर्च कमी, तरी गाडी चांगला माल ओढते. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यात तयार झाली आणि गाड्या इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम रूळ टाकून त्यांची चाचणी घेतली गेली. पुढे याच कॅलथ्रॉपने बार्शीचा अनुभव वापरून इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तशीच छोटी रेल्वे उभारली, ती 1904 मध्ये सुरू झाली. म्हणजे आपल्या माळरानावर सिद्ध झालेलं इंजिनिअरिंग तिकडच्या दरीत गेलं. आपण 'टेक्नॉलॉजी ट्रान्सफर'वर सेमिनार देतो तेव्हा हे उदाहरण कुणी देतं का?

हे सगळं मला कळलं ते लंडनहून परत आल्यावर, आपल्याच लायब्ररीत आणि कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून. जायच्या आधी एक संध्याकाळ दिली असती तर?

माझं म्हणणं एवढंच आहे. परदेशी शहर बघायला जाताना घरून एक तरी प्रश्न सोबत न्यावा. यादी कुणाकडूनही मिळते, प्रश्न मात्र स्वतःचाच लागतो.

माझा रूम पार्टनर यावर भडकला. तो म्हणाला, "पहिल्यांदा विमानात बसलेल्या मोडनिंबच्या पोराने बिग बेन बघू नये, दप्तरात धूळ खावी? हे शहाणपण तुला बघून झाल्यावर सुचतंय." त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. टॉवर ब्रिज बघून माझ्या अंगावर काटा आला होता, हे मी नाकारणार नाही. शिवाय आईला राजवाड्याचा फोटो हवाच होता. पण तीन दिवसांतला एक दिवस यादीला दिला तरी ते पुरतं. उरलेले दोन दिवस आपले. आणि लंडनमध्ये आपलं काही नाही असं कुणी समजू नये.

किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते 2015 मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, तो 1923 मध्ये पुस्तकरूपाने निघाला. हॉस्टेलवर राहून, मेसच्या बिलाची काळजी करत अभ्यास करणाऱ्या मुलाला त्या घरासमोर उभं राहून जे वाटेल ते मेणाच्या पुतळ्यांसमोर वाटणार नाही. हाउली प्लेसला 10 नंबरच्या घरावर पाटी आहे, लोकमान्य टिळक 1918-19 मध्ये तिथे राहिले. हायगेटला क्रॉमवेल ॲव्हेन्यूवर 65 नंबरचं इंडिया हाउस, तिथे सावरकरांच्या नावाची पाटी आहे. डॉलिस हिल लेनवर महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 मध्ये न. चिं. केळकरांनी स्थापन केलेलं.

इंजिनिअरसाठी तर खजिनाच आहे. सायन्स म्युझियममध्ये 'पफिंग बिली' उभं आहे. आज जगात शिल्लक असलेलं सर्वांत जुनं वाफेचं रेल्वे इंजिन ते हेच. तिथेच बॅबेजच्या आराखड्यावरून 1991 मध्ये पूर्ण केलेलं डिफरन्स इंजिन आहे. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याच्या दातेरी चाकांकडे बघत तासभर घालवावा. सेंट पँक्रास स्टेशनचं 1868 चं छत बघा, मधे एकही खांब नाही आणि गाळा 70 मीटरच्या वर! स्ट्रक्चरचा सगळा पेपर डोक्यावर उभा आहे. हे सगळं फुकट. ब्रिटिश लायब्ररीत 'मॅग्ना कार्टा' बघायलासुद्धा पैसे पडत नाहीत. वाचनालयात बसायला रीडर पास लागतो, तोही मोफत मिळतो, फक्त कागदपत्रं बरोबर न्यायची.

खरं तर ही सवय लंडनला जाऊन लागलेली नाही, ती इथलीच आहे. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट आठवा. बसमध्ये अंताक्षरी, कारखान्याच्या गेटवर ग्रुप फोटो, आत सुपरवायझर ओरडून सांगतोय आणि आपण जेवण कुठे आहे ते शोधतोय. रिपोर्ट मागच्या बॅचचा, फक्त तारीख बदललेली. सर लोकांनाही हे माहीत असतं (सरांनी राग मानू नये!). व्हिजिटच्या आधी प्रत्येकाने एक प्रश्न लिहून द्यावा आणि परत आल्यावर त्याच प्रश्नाचं उत्तर लिहावं, एवढा नियम केला तरी रिपोर्ट कॉपी करणं अवघड होईल.

आमच्या मोडनिंबच्या जवळच अरण आहे, संत सावता माळ्यांचं गाव. पंढरपूर इतकं जवळ असूनही सावतोबांना विठ्ठल आपल्या मळ्यातच दिसला, अशी श्रद्धा आहे. म्हणून आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आलो. तिचा अर्थ घरी बसा असा नाही. आपला मळा ज्याने नीट बघितला त्याला दुसऱ्याच्या गावातही काय बघायचं ते कळतं, असा मी तो घेतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी आबांना सगळं वाचून दाखवलं. पाच टनांचा नियम त्यांना आकड्यात माहीत नव्हता, पण "आमचा रूळ हलका हुता, पर गाडी ओझं लई न्यायची," असं ते लगेच म्हणाले. इंग्लंडमधली ती बहीण-रेल्वे 1934 मध्ये बंद पडली आणि आता तिच्या वाटेवर लोक पायी फिरायला जातात, हे सांगितल्यावर ते हसले. आमच्याकडचा छोटा रूळही निघून ब्रॉडगेज झाला आहे. "म्हंजे तिकडंबी रूळ उपटले म्हण की," ते म्हणाले. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या वडलांची कंपनी. तिचं एखादं कागद तरी बघायला पायजे हुतं रं तू."

आपल्यापैकी कुणी एमएसला जाईल, कुणाला कंपनी ऑनसाइट पाठवेल. जो लंडनला जाईल त्याने जायच्या आधी माझ्या रूमवर यावं. चहा माझ्याकडून. बदल्यात त्याने सेंट पँक्रासजवळच्या त्या लायब्ररीत अर्धा दिवस द्यायचा आणि बार्शी लाइटचा एक कागद वाचून आबांना फोनवर सांगायचा. पावणेदहा नंबरच्या प्लॅटफॉर्मचा फोटो हवा असेल तर माझ्याकडे आहे, तो घेऊन जा. रांगेतला पाऊण तास वाचेल.