माडीवरून ओटीचा संगणक दिसेना

सिंदफणेच्या कांठच्या माजलगांवाहून आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घर जुनें, दुमजली, भिंती हातभर जाड. खालीं ओटीलगतच्या खोलींत त्यांच्या मामंजींचा संगणक आहे, तो विंडोज ७ चा. त्यांत मामंजींनीं घराण्याची वंशावळ, शेताचे सातबारे व फेरफार, वांटणीचे कागद आणि लग्नामुंजींचीं छायाचित्रें कैक वर्षें खपून जमविलीं आहेत. माडीवर भगिनींचा स्वतःचा नवा संगणक आहे, विंडोज ११ चा. दोन्ही यंत्रें घरच्याच वायफायवर चालतात. तरी माडीवर 'नेटवर्क' उघडलें असतां केवळ स्वतःचेंच नांव दिसतें. गांवांतील एका कारागिरानें येऊन सांगितलें कीं, दोन्हीकडची फायरवॉल बंद करूं आणि 'एसएमबी १' चालू करूं, म्हणजे झालें. मामंजी त्यास तयार आहेत, भगिनींस शंका आहे, आणि येत्या आठवड्यांत कारागीर पुन्हां यावयाचा आहे.

आमचें उत्तर आधींच सांगून टाकतों: त्यास नको म्हणावें. कारण सांगण्यास मात्र थोडा विस्तार करावा लागेल.

'नेटवर्क'च्या यादींत नांव दिसणें आणि त्या यंत्रापर्यंत पोंचतां येणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळसा घोटाळा त्या एकच मानल्यानें होतो. पूर्वीच्या रीतींत घरांतील संगणक आपसांत निवड करून एका यंत्राकडे नांवांची वही सोंपवीत. तें यंत्र कुळकर्ण्यासारखें वही राखी आणि मागेल त्यास वाचून दाखवी. नांव पंधरा अक्षरांहून लांब चालत नसे. ह्या वहीची सारी भिस्त एसएमबी १ नांवाच्या जुन्या संभाषणपद्धतीवर होती. २०१७ सालच्या ऑक्टोबरांत निघालेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती पद्धत नव्या यंत्रांत एक तर दिलीच जात नाहीं, किंवा वापरांत नसल्यास आपोआप काढून टाकली जाते. तिच्याबरोबर वहीही गेली. आतां प्रत्येक यंत्र स्वतःची दवंडी स्वतःच पिटतें, आणि ज्यास ती ऐकूं येते त्याच्या यादींत तें नांव चढतें. दवंडी पिटणारी सेवा बंद असली, अथवा दवंडी वाटेंत अडली, तर नांव येत नाहीं. यंत्र मात्र जागच्या जागीं असतें, आणि त्याचें दार ठोठावतां येतें.

म्हणून कसोटी घ्यावयाची ती क्रमांकाची. तत्पूर्वीं खालचें यंत्र जागें आहे ना, हें पाहावें. अर्धा तास कोणी हात लावला नाहीं कीं पुष्कळ यंत्रें झोंपीं जातात आणि मग कोणासच दिसत नाहींत. मामंजी वामकुक्षीस गेले कीं त्यांचा संगणकही जातो, हा प्रकार अनेक घरांतला आहे! यंत्र जागें असेल तर त्यावर 'सीएमडी'ची काळी चौकट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहावी. उत्तरांत 'आयपीव्ही ४' ह्या शब्दापुढें चार भागांचा एक क्रमांक येईल, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. मग माडीवर जाऊन फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टींत आधीं दोन उलट्या तिरप्या रेघा व त्यांपुढें तो क्रमांक इंग्रजी अंकांत लिहून एंटर दाबावें. नांव व पासवर्ड विचारणारी चौकट आली, किंवा फोल्डरच समोर आले, तर वाट मोकळी आहे; केवळ दवंडी पोंचलेली नाहीं. 'पिंग' करून उत्तर आलें नाहीं, एवढ्यावरून हताश होऊं नये. विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देऊं देत नाहीं, असें पुष्कळदां असतें.

वाट मोकळी नसेल तर क्रमांकच नीट वाचावा. तो बोलका असतो. १६९.२५४ असा आरंभ असेल तर राउटरनें यंत्रास पत्ता दिलेलाच नाहीं, यंत्रानें आपल्याच मनानें घेतला आहे. मग तार, वायफाय व राउटर पाहावे. दोन्ही यंत्रांच्या क्रमांकांचे पहिले तीन भाग निरनिराळे असतील, तर तीं एका घरांत असूनही दोन बिऱ्हाडांत आहेत असें समजावें.

जाड भिंतींच्या घरांत हें दुसरें कारण फार आढळतें, आणि माजलगांवीं तेंच असावें असा आमचा तर्क आहे. खालचें वायफाय माडीवर पोंचत नाहीं, म्हणून वर दुसरा राउटर बसवितात. त्यानें खालून आलेली तार 'वॅन' लिहिलेल्या भोंकांत घेतली कीं तो वर स्वतःचें निराळें बिऱ्हाड थाटतो, आणि वरच्या यंत्रांस आपल्याच हातानें पत्ते वाटूं लागतो. वायफायचें नांव खालींवर एकच ठेवलें असल्यामुळें घरच्या माणसांस ह्याची दादही लागत नाहीं. इंटरनेट दोन्हीकडे उत्तम चालतें. दवंडी मात्र जिना चढत नाहीं. वरून खालीं क्रमांकानें कदाचित् जातां येईल, खालून वर नाहीं. उपाय साधा आहे. वरच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालवावें. तशी सोय त्यांत नसेल तर त्याचें पत्ते वाटण्याचें काम, म्हणजे 'डीएचसीपी', बंद करावें आणि तार 'लॅन'च्या भोंकांत लावावी. तसेंच, दोहोंपैकीं एखादें यंत्र पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या वायफायवर गेलेलें नाहीं ना, हेंही पाहावें. त्या वायफायवरील यंत्रांस घरांतील इतर यंत्रांशीं बहुधा बोलूं दिलें जात नाहीं, आणि तें योग्यच आहे.

राहतात त्या यंत्रांतील खुणा. माडीवरच्या यंत्रांत आपलें वायफाय 'प्रायव्हेट' म्हणून नोंदलेलें असावें, 'पब्लिक' म्हणून नव्हे. खालीं विंडोज ७ मध्यें तेंच 'होम' किंवा 'वर्क' असावें. 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' हीं दोन्हीं चालू असावीं. दवंडी पिटणाऱ्या सेवेचें लांबलचक नांव 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' असें आहे. सेवांच्या यादींत ती चालू आहे कीं नाहीं तें पाहावें. मामंजींच्या खात्यास पासवर्डच नसेल तर दुसऱ्या यंत्रावरून तें खातें उघडत नाहीं, असा विंडोजचा मूळचाच नियम आहे. माडीवरच्या यंत्राचा चार अंकी पिनही येथें चालावयाचा नाहीं.

आतां कारागिराचा उपाय. विंडोज ७ ला एसएमबी २ येतें. एसएमबी १ वांचून ज्याचें अडतें तें त्याच्याही आधींचें विंडोज एक्सपी, किंवा एखादी फार जुनी डिस्कची पेटी वा स्कॅनर. तेव्हां ह्या घरांत तें चालू करण्याचें प्रयोजनच नाहीं. फायरवॉल बंद केल्यानें नांव कधींकधीं दिसूं लागतें हें खरें, आणि म्हणूनच ह्या उपायाची कीर्ति आहे. परंतु दवंडी ऐकूं यावी म्हणून वाड्याचीं सर्व दारें उघडीं टाकण्यासारखें तें आहे.

त्याचें फळ काय होतें तें २०१७ सालीं जगानें पाहिलें. एसएमबी १ मधील एका छिद्रावरचा उपाय मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजीं प्रसिद्ध केला होता. ज्यांनीं तो बसविला नाहीं त्यांच्या यंत्रांवर १२ मे रोजीं 'वॉनाक्राय'चा घाला पडला, आणि त्यांत बहुतेक यंत्रें विंडोज ७ चींच होतीं. पुढें २७ जून रोजीं 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालींतून शिरला आणि तेंच छिद्र व चोरलेले पासवर्ड ह्यांच्या साह्यानें एका यंत्रावरून शेजारच्या यंत्रावर पसरत गेला. आपल्या न्हावाशेव्यास जवाहरलाल नेहरू बंदरांत, मर्स्क समूह चालवीत असलेल्या टर्मिनलचें काम त्यानें बंद पाडलें आणि पेट्यांची चढउतार खोळंबली. एवढ्या मोठ्या समूहाची ही गत झाली; मामंजींच्या फोल्डरांतील वांटणीचे कागद कुलुपबंद झाले तर त्यांची दुसरी प्रत कोठें आहे, हें भगिनींनीं पत्रांत लिहिलेलें नाहीं. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनें १४ जानेवारी २०२० पासून सर्वसामान्य आधार देणें थांबविलें आहे, हेंही येथें लक्षांत घ्यावें.

तेव्हां कारागीर येण्याच्या आधींच तो सर्व फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर उतरवावा, आणि डिस्क काढून कपाटांत ठेवावी. ती यंत्रास लावलेली राहूं देऊं नये. नंतर खालच्या यंत्रावर केवळ ह्या कामासाठीं पासवर्डसह एक निराळें खातें काढून तेवढाच फोल्डर त्यास खुला करावा. सबंध डिस्क खुली करूं नये. वीज जाऊन आली कीं राउटर कधींकधीं पत्ते बदलून देतो आणि काल चाललेला क्रमांक आज चालत नाहीं. ह्यासाठीं राउटरमध्यें खालच्या यंत्राचा पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. माडीवरच्या खात्यास फोल्डर केवळ वाचण्यापुरता द्यावा. वंशावळींत नवें नांव घालावयाचें असेल तेव्हां जिना उतरून खालीं यावें आणि मामंजींकडूनच तें लिहवून घ्यावें.